वाघजाईची सावर

पाष्टे गुरुजींच्या हातून खडू पडलेला मी एकदाच पाहिला. तसा खडू सगळ्याच मास्तरांच्या हातून पडतो, माझ्या हातून तर दिवसातून चारदा. पण गुरुजी खडूचा शेवटचा कणसुद्धा चिमटीत धरून फळ्यावर उतरवायचे. "डोंगर फोडून आणलेला आहे, बाई, वाया का घालवायचा?" त्या सकाळी मात्र अख्खा नवा खडू त्यांच्या बोटांतून निसटला, घरंगळत पहिलीच्या बस्करापर्यंत गेला आणि तो उचलायला गुरुजी वाकले नाहीत. त्यांच्यासमोर चौथीतली सानिका उभी होती. धावत आल्यामुळे धापा टाकत होती आणि आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. ती एवढंच म्हणाली होती, "गुरुजी, आपली सावर होलीला नेमली! मीच सांगितला तात्यांना!"

ह्या एका वाक्याने तो माणूस असा जागच्या जागी का गोठला, ते सांगायचं तर आधी गुरुजी कसे होते ते सांगावं लागेल.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला समुद्र राहतो आणि उजव्या हाताला चढ. तो चढ संपला की सडा लागतो. उघडा, काळा, मैलभर पसरलेला कातळ. त्याच्या पलीकडच्या कडेला आमची वाडी. शाळा पहिली ते पाचवी, खोल्या दोन, शिक्षक दोन. माझ्या बदलीचा कागद आला तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. मी रत्नागिरी शहरात वाढलेली. मला वाटलं होतं, वर्षभर कळ काढायची आणि खाली उतरायचं.

पहिल्या दिवशी पोचले तेव्हा परिपाठ चालू होता. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. आता सुविचार असेल म्हणून मी ओढणी नीट करून उभी राहिले. तर पांढरा शर्ट घातलेले, किडकिडीत अंगाचे, पुढचे केस गेलेले एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, वाडीच्या देवळाकडे तोंड केलं, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली,

"बा वाघजाई! ही शालंची पोरा आज तुज्या पायाशी उबी हायत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सत्तावीस पोरांनी एका दमात जोरात होकार भरला.

"ह्येंच्यातला जो कोन पऱ्ह्यात प्लास्टिक टाकील, त्येना तुज्या नजरंत ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोन पाखराच्या घरट्याला हात लावील, त्येचा हात थयच्या थय थांबव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी थक्क झाले. गाऱ्हाणं मला नवीन नव्हतं. कोकणात प्रत्येक देवळात ते घालतात. गावकार देवासमोर गावाचं म्हणणं मांडतो आणि जमलेली माणसं वाक्यावाक्याला होकार देतात. पण ही सरकारी शाळा होती आणि हे पर्यावरणाच्या तासाचं गाऱ्हाणं होतं! मधल्या सुट्टीत मी सरळ जाऊन विचारलं, "गुरुजी, हे चालतं?"

"बाई," ते डबा उघडत म्हणाले, "पहिली चार वर्षं मी फळ्यावर प्लास्टिकचे दुष्परिणाम लिहून दिले. पोरांनी सुंदर अक्षरात उतरवून घेतले आणि वहीचं प्लास्टिकचं कव्हर काढून पऱ्ह्यात टाकलं. आता जाऊन बघा पऱ्ह्या."

मी गेले. शाळेच्या मागून वाहणारा तो ओढा खरोखर लख्ख होता. वेफर्सचं एक पाकीट नाही, गुटख्याची एक पुडी नाही.  तरी मला पटलं नाही. त्या दिवसापासून परिपाठात मी तोंड घट्ट मिटून उभी राहायचे. "व्हय म्हाराजा" कधी म्हटलं नाही. गुरुजींच्या ते ध्यानात होतं. मधूनच चिडवायचे, "पोरांनो, होकार मोठ्यानं द्या. बाईंचा कमी पडतो आपल्याला."

एकदा विस्तार अधिकारी अचानक तपासणीला आले. नेमकं गाऱ्हाणं चालू होतं. मी मनात म्हटलं, आता गुरुजींची चौकशी लागणार. साहेब कपाळाला आठ्या घालून, फाइल काखेत धरून उभे. गुरुजी थांबले नाहीत. "आज जो कोन सायेब आपल्या दारात आलाय, त्येची गाडी घाटात सुखरूप उतरव म्हाराजा!" पोरांबरोबर साहेबांच्याही तोंडून "व्हय म्हाराजा" निघून गेलं. बिचारे लांज्याकडचे होते, लहानपणापासूनची सवय. मग ते इतके ओशाळले की चहा न घेताच निघाले. शेऱ्यात लिहिलं, 'परिसर स्वच्छ.'

गुरुजी मूळचे देवरूखच्या बाजूचे. घर तिकडे, बायको तिकडे, मुलगा मुंबईत. हे वाडीतच एका पडवीत राहायचे. ह्या सड्यावरची शाळा कोणालाच नको असायची, त्यामुळे बदल्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं की तेच विनंती करून इथेच थांबायचे. खिशात नेहमी बिया असत. पैसे काढायला खिशात हात घातला की आधी करंजाच्या शेंगा बाहेर येत. श्रावण-भाद्रपदात सडा फुलला, सीतेची आसवं आणि गेंद कातळाच्या खळग्यांतून वर आले की गुरुजी चपला हातात घेऊन अनवाणी चालायचे. एकेक पाऊल बघून टाकायचे. "पायाला कळतं, बाई. चपलेला कळत नाही." मी बापडी सँडल घालून त्यांच्या मागून चोरट्यासारखी चालायचे. शेवटी दुसऱ्या वर्षी मीही सँडल काढल्या.

आणि त्यांचा तो एक प्रश्न. "कोणाचं?" रस्त्यात पोर दिसलं, त्याच्या हातात काही असलं की गुरुजी विचारणार. पान तोडलंस? कोणाचं? दगड उचललास? कोणाचा? उत्तर ठरलेलं, "वाघजाईचा." मग पोर गपचूप ती वस्तू जिथल्या तिथे ठेवून द्यायचं. वाघजाई ही वाडीची देवी. तिच्या देवळामागे एवढीशी देवराई आहे. आजूबाजूचे डोंगर चिरेखाणींनी कोरले गेले, तरी तिथली फांदी कोणी मोडत नाही. गुरुजींचं गणित साधं होतं. जे देवीचं, त्याला हात लागत नाही. मग सगळंच देवीचं करून टाकायचं.

शाळेच्या अंगणातली सावर अशीच देवीची झाली. काटेसावरीचं ते रोप गुरुजींनी ह्या शाळेतल्या पहिल्या वर्षी घरच्या बीपासून वाढवलेलं. सुरुवातीला शेरडांनी खाल्लं, मग कोणीतरी कुंपणासाठी त्याची फांदी तोडली. त्या दिवशी गुरुजींनी बुंध्याशी एक दगड ठेवला, त्याला शेंदूर फासला आणि गाऱ्हाण्यात एक वाक्य वाढवलं, "ही सावर तुजी हाय, तूच राखण कर म्हाराजा!" त्यानंतर कोयता तर सोडाच, कोणी तिला पाठ टेकून उभंही राहिलं नाही. मी आले तेव्हा ती शाळेच्या कौलांच्या वर गेली होती. मी असताना पहिल्यांदा फुलली. पानं सगळी गळालेली आणि उघड्या फांद्यांवर लालभडक, मुठीएवढी फुलं. सकाळी उजाडलं की नुसता पाखरांचा बाजार.

मग गुरुजींनी नवीन खूळ काढलं. पोरांची हजेरी झाली की पाहुण्यांची हजेरी. एक पोर खिडकीत उभं राहायचं.

"साळुंकी?"

"हजर!"

"तांबट?"

"हजर!"

"कोतवाल?"

"हजर, पन मारामारी करतोय!"

"हळद्या?"

"रजेवर!"

त्यासाठी वेगळी वही होती. सावर फुललेली असेतो रोज भरायची. इतर शाळांत पक्ष्यांचे तक्ते भिंतीवर लावतात. आमच्या पहिलीतल्या पोरांना पाखरू आवाजावरून कळायचं. मी शहाणी, डी.एड. झालेली, मला त्यांनी शिकवलं.

मग गुरुजींशी मी भांडले, ती एकच वेळ. फेब्रुवारीत सड्यावरचं गवत वाळून खडखडीत होतं. काही लोक ते पेटवून देतात. म्हणे पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं. त्या वर्षी सानिकाच्या बापाने, सुरेशने, काडी लावली. आग वाऱ्यावर पसरली, गुरुजींनी राखलेली करवंदीची जाळी, टिटवीची घरटी, सगळं काळं झालं. दुसऱ्या दिवशी परिपाठात गुरुजींचा आवाज कापत होता. "ज्येना सडा जाळला, त्येना तू बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सानिका तेव्हा दुसरीत होती. आग कोणी लावली ते तिला ठाऊक नव्हतं. पोर सगळ्यांत मोठ्याने ओरडली. दुपारी घरी गेली तेव्हा काडी बापानेच लावली होती ते तिला कळलं, आणि त्याच संध्याकाळी सुरेश तापाने फणफणला.

तीन दिवस ती शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आली ती डोळे सुजलेले घेऊन. मला पाणवठ्याशी गाठून म्हणाली, "बाई, माज्या व्हय म्हाराजानं बाबांना ताप आला."

 आठ वर्षांचं पोर ते! मी तिला जवळ घेतलं. "वेडी आहेस का? तुझ्या बोलण्याने ताप येतो होय? तसं काही नसतं गं." ती मान हलवत राहिली. मी तरातरा गुरुजींकडे गेले. म्हटलं, "हे असलं शिकवायचं असेल तर शाळा बंद करा. निसर्ग राखायला पोरांच्या काळजात भुतं कशाला सोडता?"

गुरुजी कधी नव्हे ते खाली बघत होते. संध्याकाळी ते स्वतः औषध घेऊन सुरेशकडे गेले, दोन दिवस त्याच्या उशाशी बसले. साधा ताप होता, आठवड्याने उतरला. पण मला म्हणाले, "बाई, चुकलं हे मान्य. पण त्यानंतर सड्यावर कोणी काडी लावली? पोर विसरेल."

पोर विसरलं नव्हतं. पुढे दोन वर्षांनी सगळा उलगडा झाला.

शिमग्यात आमच्याकडे होळीला अख्खं झाड लागतं. गावाने निवडलेलं उंच, सरळ झाड तोडायचं, खांद्यावर नाचवत मांडावर, म्हणजे होळीच्या जागेवर, आणायचं, उभं करायचं आणि त्याची पूजा करून भोवती होम पेटवायचा. ज्याचं झाड निवडलं जातं त्याचा तो मान. कोणी नाही म्हणत नाही. त्या वर्षी मानकरी सहाणेवर जमले आणि झाड कुठून आणायचं तिथेच अडले. पालखी जिथे टेकते त्या दगडी चौथऱ्याला सहाण म्हणतात. चिरेखाणीकडचं जंगल संपलेलं, आंबे मोहरलेले, एका बागेचा मालक मुंबईत आणि त्याचा फोन लागत नाही. गावकार धाकटूतात्या डोकं खाजवत बसले होते. पोरं तिथेच खेळत होती. तेव्हा सानिका पुढे झाली आणि म्हणाली, "आमच्या शालंत वाघजाईचा झाड हाय की."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी घेऊन ती धावत आली होती.

गुरुजींनी विचारलं, "का गं सांगितलंस?"

"मी नवस बोल्लेली गुरुजी. बाबा आजारी व्हते तवा. बाय वाघजाई, माज्या बाबांना बरा कर, तुना आमच्यातला सगल्यात चांगला देन." मग तिला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं असावं. आवाज बारीक झाला. "सगल्यात चांगला ताच हाय ना?"

बाकीची पोरं टाळ्या पिटत होती. आपलं झाड पहिलं आलं, बक्षीस मिळालं, असाच त्यांचा आनंद. गुरुजी खुर्चीवर बसले. वर्ग चालू असताना खुर्चीवर बसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. खिडकीबाहेर सावर लाल झाली होती आणि पाखरांची हजेरी त्या दिवशी घ्यायची राहून गेली.

संध्याकाळी आम्ही दोघे तात्यांकडे गेलो. तात्या म्हणजे भला माणूस. गुरुजींना उठून पाट दिला. गुरुजी म्हणाले, "तात्या, दुसरं कुठलंही झाड घ्या. पोरांनी वाढवलंय ते."

तात्यांना खरंच कळेना. "गुरुजी, तुमी आसा कसा बोलतांव? देवराईतला लाकूड आपन घरला नेत नाय, पन देवलाच्या कामाला नेतोच ना? वासा त्येचाच, खांब त्येचाच. ह्यो झाड तुमीच देवीचा केलाव. बारा वर्सा गाऱ्हाना घातलाव. मंग देवीच्या कामाला देवीचा झाड नको?"

गुरुजी पाटावरून उठले.  परत येताना मी तावातावाने म्हटलं, "शाळेची जागा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. मी उद्याच तालुक्याला फोन करते, वनखात्याला कळवते. बघू कसे तोडतात."

"नको, बाई."

"का नको?"

"कायदा आणला तर झाड वाचेल. पण पोरांना काय सांगू? रोज देवीचं म्हणत होतो ते खोटं होतं? की देवीचं आहे, पण देवीला द्यायचं नाही?" ते थोडा वेळ चालत राहिले. "मी त्यांना झाड शिकवलंच नाही, बाई. फक्त वाघजाई शिकवली. तीही धड नाही."

मी फोन केला नाही. त्याचा मला अजून राग येतो, कोणाचा ते सांगता येत नाही.

होळीच्या दिवशी दुपारी सगळी वाडी शाळेच्या अंगणात लोटली. ढोल, ताशे, गुलाल. तात्यांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. देवळात कुठलंही असतं तसंच होतं, पण माझ्या कानाला ते गुरुजींचंच वाटत होतं. "ही तुजी सावर आज तुज्या कामाला नेतांव म्हाराजा!" मोठ्या माणसांचा होकार विस्कळीत आला. पोरांचा मात्र एका दमात, एका सुरात, सगळ्या आवाजांच्या वर. इतकी वर्षं रोज घोटलेला होता.

पहिला घाव बसला तेव्हा वरची पाखरं एकदम उडाली. मी गुरुजींकडे पाहिलं. ते हात जोडून उभे होते, आणि ते कोणाला जोडले आहेत ते त्यांनाही माहीत नसावं. झाड आडवं झालं. फुलांचा खच पडला. पोरं ती फुलं उधळत नाचू लागली. बुंध्यावरचे काटे सोलून झाले आणि तात्या हाक मारून म्हणाले, "गुरुजी, पैला खांदा तुमचा!"

मला वाटलं, आता हा माणूस निघून जाईल. तो गेला नाही. चपला काढल्या, पुढे झाला आणि त्याने सावरीखाली खांदा दिला. ढोल वाजत होते, लोक फाका मारून ओरडत होते, आणि पुढच्या टोकाला ते किडकिडीत गुरुजी बाकीच्यांबरोबर नाचवल्यासारखे झाड हलवत मांडापर्यंत गेले. परत आले तेव्हा पांढऱ्या शर्टाचा उजवा खांदा लाल होता. मी घाबरून जवळ गेले. चुरडलेली फुलं होती.

सणाची सुट्टी संपून शाळा भरली. परिपाठ झाला, गाऱ्हाणं झालं नाही. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. गुरुजींनी हजेरी घेतली. मग पाहुण्यांची वही उघडली. मी मनातल्या मनात म्हटलं, नको हो गुरुजी. त्यांनी पोरांना बाहेर अंगणात नेलं, खुंटाभोवती बसवलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "साळुंकी?"

 तेवढ्यात खरोखरच दोन साळुंक्या आल्या. जिथे फांदी होती त्या उंचीवर पंख फडफडवत घिरट्या घालू लागल्या, एकदा फिरल्या, पुन्हा फिरल्या आणि शाळेच्या कौलावर जाऊन बसल्या. त्यांच्यामागून तांबट आला. तोही तसाच घुटमळला. पोरं वर बघत होती. एकेकाचा चेहरा उतरत गेला. सानिका पांढरीफटक पडली होती. ती हळूच म्हणाली, "पाखरांना कोनी इचारलाच नाय."

गुरुजींनी वही मिटली. "नाही विचारलं," ते म्हणाले. "मीसुद्धा नाही. माझं चुकलं, पोरांनो." मास्तरने पोरांसमोर असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांनी शेंदराचा तो दगड उचलला, देवळात नेऊन ठेवला आणि मे महिन्यात ते निवृत्त झाले.

तोडलेली सावर मरत नाही. पावसाळ्यात खुंटाच्या कडेने पाच-सहा धुमारे फुटले. मी काही केलं नाही, शपथेवर सांगते. पोरांनीच करवंदीच्या काट्यांचं कुंपण केलं. शेरडं हाकलायला पाळ्या लावल्या. त्यात सानिका पुढे. ती आता पाचवीत होती.

पुढच्या शिमग्याच्या आधी गुरुजी देवरूखहून भेटायला आले. थकले होते. एस.टी.तून उतरून सडा चालत आले तर घामाने भिजले होते. पोरं त्यांना ओढतच खुंटाकडे घेऊन गेली. धुमारे माझ्या खांद्याला लागत होते, हिरवे, काटेरी. गुरुजींनी जुन्या सवयीने विचारलं, "कोणाचं?"

 सानिका पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाली, "आमचा. पाखरांचा."

"आणि वाघजाईचं?"

"तिना एक दिला ना."

 गुरुजी अगदी हळू म्हणाले, "आणि उद्या तात्या आले, म्हणाले देवीला हे पण हवं. तर?"

तिने देवळाकडे बघितलं.  मग म्हणाली, "देनार नाय."

 मी देवाधर्मातली नाही, तरी माझी नजर आपोआप देवळाकडे गेली. त्या वाडीत वाघजाईला नाही म्हणणारा बाप्या माणूससुद्धा मी पाहिला नव्हता. ही अकरा वर्षांची. बोलून गेली आणि लगेच तिने तोंडावर हात दाबला. डोळे भीतीने मोठे झाले. पण दुसऱ्या हाताने तिने धुमारा धरला होता, काट्यांसकट.

गुरुजींनी चपला काढल्या. देवळाकडे वळले. हात जोडले.

"बा वाघजाई," आवाज खणखणीत नव्हता, जवळच्या माणसाशी बोलावं तसा होता. "ह्या पोरीच्या तोंडातनं जा गेला, ता तिचा नाय म्हाराजा. तिना तुजी भीती मी घातली, आज ती मीच काडतंय. तुना राग इला असंल तर तो ह्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर घाल. पोरीला आनि तिच्या बापाला हात लावू नको म्हाराजा!"

ते थांबले. गाऱ्हाण्याला होकार लागतो, त्याशिवाय ते पुरं होत नाही. पोरं दातखीळ बसल्यासारखी उभी होती. होकार दिला की राग गुरुजींच्या डोक्यावर, हे त्यांना कळत होतं. सानिका नाही-नाही अशी मान हलवत होती. गुरुजी हात जोडून वाट बघत होते. होकार आला नाही तर ती पोर त्या 'देनार नाय'खाली कायमची दबून जाईल, एवढंच मला दिसलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

गुरुजींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग हसले. "आला एकदाचा बाईंचा होकार."

संध्याकाळच्या गाडीला ते निघाले. मी सड्याच्या कडेपर्यंत गेले. चपला त्यांनी हातातच ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "गुरुजी, फाल्गुन आहे, आत्ता कुठे फुलं?" "ऱ्हाऊ दे, खाली बिया असतात," म्हणाले, आणि त्या तापलेल्या काळ्या कातळावरून एकेक पाऊल बघून टाकत उतरून गेले. ते मला दिसलेलं त्यांचं शेवटचं चालणं.

भाद्रपदात त्यांच्या मुलाचा फोन आला. घराच्या पडवीत बसल्या बसल्या गेले. हृदय बंद पडलं. मी फोन ठेवला आणि खुंटापाशी जाऊन उभी राहिले. मी डी.एड. झालेली, मला सगळं कळतं. वय, हृदय, उन्हातला तो चढ, सगळं कळतं. तरी कानात एकच आवाज घुमत होता, तो माझा होता, आणि पाय जमिनीवरून हलत नव्हते.

सानिका तेव्हा खालच्या गावातल्या शाळेत सहावीला होती. बातमी तिलाही कळली असणार. शाळेतून परस्पर ती इकडेच आली, दप्तर पाठीला तसंच. रडून तिचे डोळे लाल झाले होते. थोडा वेळ ती माझ्याकडे बघत उभी राहिली, आणि मी का अशी उभी आहे ते तिला माझ्याआधी कळलं.

तिने माझा हात धरला.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या व्हय म्हाराजानं नाय झाला. तसा काय नसता. तुमीच सांगितलाव ना मना?"